अळूवडीबरोबर शेनिन ब्लां: आषाढातल्या एका रविवारचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगून टाकते, मग बाकीचं. गेल्या रविवारी घरी दोन व्हाइट वाईन उघडल्या, एक सुलाची शेनिन ब्लां आणि दुसरी फ्रातेलीची सॉव्हिन्यॉन ब्लां (सुला, फ्रातेली या वाईन कंपन्या, पुढची नावं द्राक्षाच्या जातींची), सोबत सगळं घरचंच खाणं, आणि अख्ख्या संध्याकाळी जी जोडी सगळ्यात भारी जमली ती शेनिन आणि अळूवडी. इतकी जमली की दुसऱ्या घासानंतर मिनिटभर टेबलावर कोणी काही बोललंच नाही, सगळे आपापली वडी आणि आपापला ग्लास यातच. व्हाइट वाईनबरोबर काय खायचं असं कोणालाही विचारा, चीज, पास्ता, ग्रिल्ड फिश हेच सांगतात, आणि कोथरूडमधल्या आमच्या घरात रविवारी संध्याकाळी यातलं काहीच नसतं, आमच्याकडे वडी असते, थालीपीठ असतं, फार तर कोळंबी असते. आणि या वाईन बनतात कुठे, तर नाशिकला आणि अकलूजला, पुण्याहून सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला पोचतो आपण. मग इथल्या वाईनची गाठ इथल्या ताटाशी घालून का बघू नये, हे बरेच दिवस डोक्यात होतं.

आषाढ तळायचा होता, ते निमित्त झालं. आमच्या सासूबाई दरवर्षी आषाढात एक रविवार कढई चढवतात, तिखटमिठाच्या पुऱ्या, कापण्या, वड्या, जे जे तळता येईल ते. यंदा नारायणगावहून माझा आतेभाऊ आणि वहिनी येणार होते, दादाची द्राक्षाची बाग आहे, त्यामुळे मी म्हटलं वाईन पण आणूया, द्राक्षवाल्या माणसासमोर उघडूया. आईंना विचारलं, तुमच्या तळणाबरोबर चालेल ना? त्या म्हणाल्या, "मी घेणार नाही, पण तुम्ही प्या की, मला नुसता वास घेऊ दे."

आणि खरं सांगते, त्या दिवशी सगळ्यात चांगलं नाक आईंचंच निघालं. शेनिनचा ग्लास त्यांनी नाकाशी धरला आणि लगेच म्हणाल्या पेरू. पिकायला आलेला, पण अजून मऊ न पडलेला पेरू. मी मगापासून अननस अननस करत होते, अननस आहेच, पण त्यांनी पेरू म्हटल्यावर मला दुसरं काही येईचना. मग जरा वेळाने मधासारखं काहीतरी. रंग अगदी फिका, पाण्यात लिंबाची साल टाकून ठेवल्यावर येतो तेवढाच पिवळा. पहिल्या घोटाला जिभेच्या टोकावर हलका गोडवा, आणि तो गोडवा आहे म्हणेपर्यंत गालांच्या आतून आंबटपणा येतो आणि तोंड परत स्वच्छ. ही पूर्ण ड्राय वाईन नाहीये, थोडी साखर मुद्दाम ठेवलेली असते, सेमी ड्राय म्हणतात ती. काही लोक नाकं मुरडतात, गोड वाईन म्हणजे नवशिक्यांची असं म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही, कारण आपल्या जेवणात तिखट आहे, आंबट आहे, गूळ आहे, आणि त्या गर्दीत टिकायला ही थोडीशी साखरच कामाला येते.

दादाने घोट घेतला, तोंडात फिरवला आणि पहिला प्रश्न काय, "ब्रिक्स किती असेल गं तोडताना?" ब्रिक्स म्हणजे द्राक्षाच्या रसातल्या साखरेचं माप. मी म्हटलं मला काय माहीत. तो म्हणाला वीस-बावीस तरी असणार, आमची खायची द्राक्षं त्याच्या आधीच बाजारात जातात. मग त्याने सांगितलं ते मला फार आवडलं. खायच्या द्राक्षाला मोठा मणी हवा, पातळ साल हवी, बी नको, आणि आंबट तर अजिबात नको, गिऱ्हाईक परत येत नाही. वाईनच्या द्राक्षाचं सगळं उलटं, लहान मणी, जाड साल, आत बिया, आणि साखर भरली तरी आंबटपणा टिकलेला हवा. छाटणी मात्र दोघांची सारखीच, एप्रिलमध्ये नव्या फुटीसाठी खरड छाटणी आणि पावसाळा संपता संपता फळासाठी गोडी छाटणी, मग जानेवारी ते मार्च तोड. फ्रान्समध्ये थंडीत वेल झोपतो, आपल्याकडे झोपतच नाही, म्हणून दोनदा छाटून त्याला वळण लावायचं आणि पीक एकदाच घ्यायचं. आणि ऊन वाढलं की द्राक्षातला आंबटपणा भराभर उतरतो, तो म्हणाला, म्हणून तर आपल्याकडे शेनिन चालते, उन्हातही आंबटपणा धरून ठेवणारी जात आहे ती. मूळची फ्रान्समधल्या लवार खोऱ्यातली, पण आज जगात सगळ्यात जास्त लागवड दक्षिण आफ्रिकेत आहे, तिथेही ऊनच.

नारायणगावचं नाव आलं म्हणून सांगते, पुणे जिल्ह्याला वाईन नवीन नाहीये. श्यामराव चौगुल्यांनी १९८० च्या दशकात नारायणगावलाच स्पार्कलिंग वाईन काढली होती, ओमर खय्याम नावाने ती परदेशात विकली जायची. दादाला लहानपणी रस्त्यावरून जाताना दिसणारी ती वायनरी आठवते. नाशिकची गोष्ट त्यानंतरची, सुलाच्या पहिल्या वाईन २००० साली आल्या, आणि त्या दोनच होत्या, शेनिन ब्लां आणि सॉव्हिन्यॉन ब्लां. म्हणजे जी बाटली आमच्या टेबलावर होती ती त्यांच्या पहिल्या दोघींपैकी एक.

आता अळूवडी. अळू मंडईतून आणलं होतं, काळ्या देठाचं, वडीचं, पातळ भाजीचं नाही. आई पानाच्या मागच्या शिरा लाटण्याने दाबून सपाट करतात, मग बेसनात चिंचेचा कोळ, गूळ, तिखट, तीळ, थोडा गोडा मसाला, एकावर एक उलटसुलट पानं लावत जायची आणि घट्ट गुंडाळून वाफवायची. वाफवलेला उंडा गार झाल्यावरच कापायचा, नाहीतर पदर सुटतात. तळल्यावर कापलेल्या बाजूला ती हिरवी-तपकिरी चक्रं दिसतात, कडा कुरकुरीत, मध्ये मऊ. गरम वडी तोंडात टाकली, आधी तीळ आणि तेल, मग गुळाचा गोडवा, मग चिंच, आणि शेवटी घशाजवळ अळूचा तो मातकट हिरवा स्वाद राहतो. तेवढ्यात शेनिनचा घोट घेतला. तेल गेलं. एकदम गेलं, जीभ धुतल्यासारखी झाली. पण चिंच गेली नाही, चिंच वाईनमध्ये मिसळून लांबत गेली, गुळाला वाईनमधला मध भेटला, आणि मगाशी जो पेरू होता तो आता चिंच लावलेल्या पेरूसारखा लागायला लागला, शाळेच्या गेटबाहेर मिळायचा तसा. मी नवऱ्याकडे बघितलं, तो दुसरी वडी उचलत होता.

हे का जमतं यावर मी नंतर बराच विचार केला. चिंचेतलं मुख्य आम्ल टार्टारिक, आणि द्राक्षातलं मुख्य आम्लही टार्टारिकच. लिंबात वेगळं असतं, सायट्रिक, कोकमात आणखी वेगळं. अळू घशाला खाजतं म्हणून आपल्या आज्यापणज्यांनी त्यात चिंच घातली, आणि चिंचेचं तेच आम्ल वाईनच्या बाटलीत बसलेलं आहे. जोडी जमायचं एवढंच कारण असेल असं नाही, तेल, मीठ, गूळ सगळ्यांचाच हात आहे, मीठामुळे वाईनचा आंबटपणा जरा मऊ लागतो हेही आहे, पण मला या एका गोष्टीने खूप आनंद झाला. जाता जाता, खूप थंड केलेल्या व्हाइट वाईनच्या तळाशी कधी कधी काचेच्या चुऱ्यासारखे खडे दिसतात ना, ते याच टार्टारिक आम्लाचे क्षार असतात, घाबरून बाटली फेकू नका, काही होत नाही त्याने.

फ्रातेलीची सॉव्हिन्यॉन ब्लां ही पूर्ण वेगळी मुलगी आहे. अकलूजची, सोलापूर जिल्ह्यातली, भावाभावांच्या जोड्यांनी मिळून काढलेली कंपनी म्हणून नाव फ्रातेली, इटालियनमध्ये भाऊ. ही ड्राय, साखरेचा लवलेश नाही. वास घेतला की हिरवा, कापलेलं गवत, लिंबाची साल, आणि स्पष्ट ढोबळी मिरची. वहिनी म्हणाली भास होतोय का मला, मी म्हटलं नाही गं, ढोबळी मिरचीला जो वास असतो तो ज्या द्रव्यांमुळे येतो तीच द्रव्यं या द्राक्षातही असतात. पहिला घोट धारदार वाटतो, नुसती प्यायला सगळ्यांना आवडेलच असं नाही, पण खाण्याबरोबर हिचा हात धरणारं कोणी नाही. कोथिंबीर वडीबरोबर हिरव्यावर हिरवं असं मस्त जमलं. आणि कोळंबी.

पावसाळी मासेमारी बंद असते १ जून ते ३१ जुलै, ताजी सुरमई, पापलेट या दिवसांत मिळत नाही आणि बर्फातलं महिनोन्‌महिने ठेवलेलं मला नको होतं, म्हणून शेततळ्यातली कोळंबी आणली. हळद, मीठ, आलं-लसूण, थोडं तिखट, रव्यात घोळवून तव्यावर. आमच्याकडे कोळंबीवर लिंबू पिळल्याशिवाय कोणी खात नाही. मी म्हटलं आज लिंबू नको, आधी घास घ्या आणि मग घोट. लिंबाचं काम वाईननेच केलं, कोळंबीचा मूळचा गोडवा इतका वर आला की नवरा म्हणाला परत लिंबू पिळू का नको अशी शंका यायला लागली. शेनिनबरोबरही कोळंबी चांगली लागली, वाईट नाही, पण दोन्ही गोड गोड झालं, सॉव्हिन्यॉनने जी धार आणली ती नाही आली.

जे नाही जमलं तेही सांगते. सोलकढी. मला वाटलं होतं कोळंबी आहे, कोकण आहे, सोलकढी तर हवीच, वाटीभर प्यायले आणि वर सॉव्हिन्यॉनचा घोट घेतला तर नुसतं पाणी. खरंच पाणी, वाईनची चवच पुसली. कोकम वाईनपेक्षा जास्त आंबट, त्यात नारळाच्या दुधाचं पातळ आवरण जिभेवर बसतं, त्यात लसूण, मग वाईन बिचारी कुठे दिसणार. खाणं वाईनपेक्षा आंबट झालं की वाईन पडते, हे एकदा जिभेने अनुभवलं की विसरत नाही. सोलकढी करा, जरूर करा, पण शेवटी, वाईन संपल्यावर. हाच प्रकार कापण्यांचा, फक्त उलट्या बाजूने. गव्हाच्या, गूळ घातलेल्या, खसखस लावलेल्या कापण्या खाल्ल्या आणि शेनिन प्यायली तर मगाशी गोडसर वाटलेली तीच वाईन लिंबूपाण्यासारखी आंबट. गोडाबरोबर वाईन त्या गोडापेक्षा गोड हवी. सुलाची लेट हार्वेस्ट शेनिन मिळते, वेलीवर जास्त दिवस ठेवलेल्या द्राक्षांची, ती कापण्यांबरोबर घेऊन बघायची आहे मला.

आणि ठेचा. दादाने थालीपीठावर लोण्याचा गोळा ठेवला, त्यावर हिरव्या मिरचीचा ठेचा, आणि वर सॉव्हिन्यॉन. डोळ्यात पाणी आलं त्याच्या. आपल्याला वाटतं गार काहीतरी प्यायलं की तिखट उतरेल, पण मिरचीने जिभेवर जी आग पेटते तीच जागा अल्कोहोलही चेतवतं, त्यामुळे ड्राय वाईनने तिखट उतरत नाही, चढतं. मी लगेच त्याला शेनिन ओतून दिली, थंडगार, दोन घोट घेतल्यावर म्हणाला, "हां, ही ठीक आहे, ही समजूत काढते." तिखटाला साखर हवीच. माझं आता ठरलंय, मिसळ, ठेचा, झणझणीत रस्सा यापैकी काहीही असेल तर सेमी ड्राय, कमी अल्कोहोलची, आणि चांगली गार. रेड तर नकोच, तिचा तुरटपणा आणि मिरची एकत्र आले की तोंडात नुसता चरका राहतो.

भरली वांगी पण होती, त्याबद्दल फार काही सांगण्यासारखं नाही, दाण्याचा कूट आणि गोडा मसाला यांच्यापुढे दोन्ही बाटल्या गप्प बसल्या.

तापमानाचं मात्र नक्की सांगायला हवं, कारण अर्धी मजा त्यात आहे. रात्रभर फ्रिजमध्ये असलेली बाटली काढल्या काढल्या ओतली आणि पहिला घोट घेतला तर नुसतं गार आणि आंबट, वास शून्य. फ्रिजमधून काढलेला आंबा लगेच कापला तर वास येत नाही ना, तसंच. दहा-पंधरा मिनिटं बाहेर ठेवा, आठ-दहा डिग्रीच्या आसपास आली की पेरू, अननस सगळे एकेक करून येतात. फार वेळ ठेवली तर शेनिनचा गोडवा जड व्हायला लागतो, मग परत फ्रिजमध्ये. ग्लास अर्ध्याहून कमी भरायचा, वास जमायला वर जागा लागते. बर्फ नका घालू, चव फोडते.

आणि बाटली कुठून घेता ते बघा. रविवारच्या आधी मी एका दुकानातून शेनिनची एक बाटली आणली होती, कोणत्या दुकानातून ते लिहीत नाही, काचेच्या दर्शनी कपाटात वर दिवा, समोर पश्चिमेचं ऊन, तिथली बाटली त्यांनी काढून दिली. घरी उघडली तर रंग गडद, जुन्या तुपासारखा, आणि वास कापून ठेवलेल्या सफरचंदाचा, शिजल्यासारखा. फळाचा मागमूस नाही. परत घेऊन गेले तर काउंटरवरचा माणूस म्हणतो, "मॅडम, वाईन जितकी जुनी तितकी चांगली." हे वाक्य मी इतक्या लोकांकडून ऐकलंय आणि इतक्या बाटल्या त्यापायी वाया जातात याचं मला खरंच वाईट वाटतं. काही वाईन मुरतात, बरोबर आहे, पण रोजच्या जेवणाच्या या हलक्या व्हाइट ताज्याच प्यायच्या असतात, वर्ष-दोन वर्षांत, आणि ऊन तर कुठलीच वाईन सहन करत नाही. ज्या माणसाने वर्षभर वेल सांभाळला, दोनदा छाटला, त्याच्या द्राक्षाचं असं होऊ नये. लेबलवरचं साल बघा, दुकानातून मागच्या रॅकमधली, सावलीतली बाटली मागा, लाजू नका. दुसरी बाटली मी एसी असलेल्या दुकानातून घेतली, मागच्या फळीवरची, आणि तीच रविवारी उघडली. दोन्ही एकाच वायनरीच्या, एकाच प्रकारच्या, फरक फक्त ठेवणीचा, आणि फरक जमीन-अस्मानाचा.

पैशाचं म्हणाल तर दोन्ही बाटल्या साधारण हजाराच्या आसपास पडतात, पाच-सहा ग्लास निघतात एकीतून. चार पिणारे आणि दोन बाटल्या, आम्हाला पुरून उरली. एकच घ्यायची असेल आणि घरी वड्या, भजी, चटपटीत असं काही असेल तर डोळे झाकून शेनिन. मासे असतील, ताजे, कमी मसाल्याचे, तर सॉव्हिन्यॉन. पाच पैकी म्हणाल तर शेनिनला अळूवडीबरोबर पाच, नुसती चार. सॉव्हिन्यॉनला कोळंबीबरोबर साडेचार, नुसती तीन, कारण ती नुसती पिण्याची वाईनच नाहीये माझ्या मते, तिला ताट लागतं.

दादा जाताना रिकामी शेनिनची बाटली मागून घेऊन गेला, बागेतल्या मजुरांना दाखवतो म्हणाला, द्राक्षाचं हेही होतं म्हणून. पुढच्या फेब्रुवारीत तोडीच्या वेळी नाशिकला जायचं आमचं ठरलंय, आईही येणार म्हणाल्या, वास घ्यायला.

सॉव्हिन्यॉन ग्लासभर उरली होती, झाकण फिरवून फ्रिजच्या दारात ठेवली. मंगळवारी ऑफिसमधून आल्यावर डब्यात चितळेंची बाकरवडी दिसली, दोन काढल्या, ग्लास ओतला. वास थोडा उतरला होता पण धार होती. बाकरवडीतल्या बडीशेप आणि धण्याबरोबर ती धार चांगली लागली, आतल्या गोडसर सारणाशी मात्र जरा भांडली. बाकरवडीला शेनिनच हवी होती.